नलिनीमावशीचं आभारप्रदर्शन

पौषातल्या कलकत्त्याचं ऊन विद्यापीठाच्या जुन्या सभागृहात शिरताना थकून येई, आणि उंच खिडक्यांच्या हिरव्या झडपांतून झिरपून नलिनीमावशीच्या पांढऱ्या केसांवर क्षणभर विसावे. ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिली की ती आधी नखाने त्यावर एक हलकी टिचकी मारी. त्यासरशी कपाटातून नुकत्याच निघालेल्या शालींची, डांबरगोळ्यांच्या वासाची ती विद्वत्सभा निःशब्द होई. दर हिवाळ्यात देशोदेशीचे पंडित तिथे व्याख्यानाला येत. त्यांना निमंत्रण धाडणारी, विमानतळावरून आणणारी, त्यांचा परिचय करून देणारी आणि शेवटी आभार मानणारी मावशीच. तिचं स्वतःचं व्याख्यान मात्र कधी झालं नाही. एकदा तिने विषय काढला, तेव्हा विभागप्रमुख हसून म्हणाले होते, "तुम्ही तर घरच्याच, नलिनीदी. तुम्हाला केव्हाही ऐकू."

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. दोघी कलकत्त्यातच जन्मल्या. आई लग्न होऊन पुण्याला गेली, मावशी एकटी राहून इथेच इतिहास शिकवत राहिली. बँकेतल्या बदलीने मी सॉल्ट लेकच्या शाखेत आले, ती तिच्या बालीगंजच्या घरीच राहू लागले. तिचं बंगाली शरदातल्या नदीसारखं भरलेलं आणि संथ. मराठी ती जपून बोले, ठेवणीतली साडी नेसावी तशी.

शाळेत मुली तिला 'बर्गी' म्हणून चिडवत. कधीकाळी बंगालवर चालून आलेल्या मराठा घोडेस्वारांना इथे बर्गी म्हणतात, आणि त्यांची भीती इथल्या अंगाईंत अजून जागी आहे. त्या चिडवण्यातूनच मावशीचा विषय अंकुरला. बर्धमानकडच्या खेड्यांत ती सुट्ट्यांमागून सुट्ट्या हिंडली, म्हाताऱ्या बायकांच्या ओसरीवर मुरी, म्हणजे आपले कुरमुरे, खात बसली, त्यांच्या थरथरत्या सुरांत राजदरबारांच्या इतिहासाने न टिपलेलं काहीतरी ऐकत राहिली. आणि जे ऐकलं ते तिने जेवता जेवता अनिर्बाणला सांगितलं. अनिर्बाण तिचा जुना सहकारी. आता परदेशात नावाजलेला प्राध्यापक, पण कलकत्त्यात आला की आमच्याकडेच उतरे.

"जे त्या बायकांना कुणालाच सांगता आलं नाही," मावशी म्हणाली, "ते त्यांनी भाषा न कळणाऱ्या लेकरांना गाऊन सांगितलं. अंगाई ही त्यांची साक्ष आहे."

त्याचा घास हातातच राहिला. "हे कुठे लिहिलंत, नलिनीदी?"

"लिहीन. यंदाची व्याख्यानं पार पडू देत."

व्याख्यानं पार पडत गेली. पुढे एका हिवाळ्यात प्रमुख पाहुणा म्हणून अनिर्बाणच आला. मावशीने अभिमानाने त्याचा परिचय करून दिला आणि ती मंचाच्या कडेच्या खुर्चीवर बसली. बोलता बोलता तो थांबला, चष्मा काढून पुसला, आणि ओलावल्या स्वरात म्हणाला, "माझी आजी म्हणायची..." त्यापुढे जे आलं ते मावशीचं होतं. शब्दही तेच, शब्दांमधली शांतताही तीच. सभागृह भारावलं. मावशीने शालीचा पदर गळ्याशी ओढून घेतला, वारा नसलेल्या त्या जागी. आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी असं ओसरलं, की ओहोटीनंतरचा हुगळीचा काठ मला तिथे दिसला, करडा आणि उघडा. मग ती उठली. "आजच्या व्याख्यानाने आपल्याला नवी दृष्टी दिली," स्वच्छ आवाजात ती म्हणाली, आणि तिने सर्वांचे रीतसर आभार मानले.

घरी आल्यावर मला राहवलं नाही. "मावशी, तू बोलली का नाहीस?"

"कुणाविरुद्ध बोलू? त्याच्या आजीविरुद्ध?"

"मग लिही तरी. आता लगेच लिही."

"आता लिहिलं, तर चोर मी ठरेन गं."

पुढे त्याचा ग्रंथ आला, त्याला मानसन्मान मिळाले. प्रस्तावनेच्या शेवटी त्याने नलिनीदींच्या घरच्या पुरणपोळीचे आभार मानले होते. मावशीने ते ओठांतल्या ओठांत वाचलं आणि ती हसली. "पुरणपोळी तेवढी माझी म्हणून कबूल केलीन," म्हणाली. त्यानंतर ती खेड्यांकडे फिरकली नाही. हिवाळे आले, ती पाहुण्यांना विमानतळावरून आणत राहिली, निवृत्त झाली. आणि एका ढगाळ श्रावणात, फारसं कुणाला न कळवता, गेली.

यंदा मी व्याख्यानाला गेले होते. नव्या संयोजिकेने आरंभी तिचं स्मरण केलं. बाई मनापासून बोलल्या. मावशीच्या आतिथ्याविषयी, तिच्या हसतमुख धावपळीविषयी, पाहुण्यांना घातलेल्या जेवणांविषयी. माझ्या शेजारचे वृद्ध गृहस्थ डोळे टिपत होते. मला वाटलं, उठावं, आणि मावशी खरी कोण होती ते सांगावं. पण सांगायला माझ्याजवळ होतं काय? एका जेवणातली एक आठवण, आणि त्या आठवणीविरुद्ध उभा अख्खा छापील ग्रंथ. विस्मरण पानगळीसारखं आपोआप घडतं, अशी माझी समजूत होती. त्या संध्याकाळी कळलं, की माणसाला पुसायला स्मरणही पुरतं, आणि ते काम काळ फार प्रेमळ हातांकडून करून घेतो.