सगळे हॅण्ड्स

गुरुदास मास्तरांना इंग्रजी बातम्यांचा नाद होता. शाळा सुटली की ते मालवणच्या बाजारात भाईंच्या दुकानी जात, रेडिओजवळच्या बाकावर बसत आणि जमलेल्यांना बातम्या समजावून सांगत. त्या संध्याकाळीही सांगत होते. मध्येच 'ओशन पर्ल' या मालवाहू बोटीचं नाव कानावर पडलं आणि मास्तर रेडिओकडे वळून ऐकू लागले. बोट वादळात सापडली होती. 'लॉस्ट विथ ऑल हॅण्ड्स,' निवेदक म्हणाला आणि पुढच्या बातमीकडे वळला.

त्या बोटीवर डॉमिंगो स्वयंपाकी होता. त्याची बायको सेलेस्तीन त्याच वेळी दुकानाच्या फळीपाशी तेल भरून घेत उभी होती.

"तेंच्या बोटीचा नाव घेतल्यान मां? काय झाला, मास्तरानू?"

मास्तरांनी रेडिओ बंद केला, पण ते शब्द तिच्याही कानावर पडले होते. सेलेस्तीन लहानपणी नन्सच्या शाळेत दोन-चार यत्ता शिकली होती. तिथे रोज सकाळी नखं तपासायला 'शो युवर हॅण्ड्स' म्हणत. रुमाल हरवला की 'लॉस्ट' म्हणावं लागे. तेवढ्यावर तिने अर्थ लावला.

"हात गेले? सगळ्यांचे?" ती म्हणाली. "पण जीव आसा मां?"

"माका नीट आयकाक येवक नाय," मास्तर म्हणाले. खरं तर त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला होता. बोटीवरच्या इंग्रजीत हॅण्ड म्हणजे हात नव्हे, माणूस. खलाशी, स्वयंपाकी, तांडेल, सगळे बोटीबरोबर बुडाले होते.

"हात नसले तरी चलात. मी भरवतलंय तेंका," ती स्वतःशीच बोलली आणि तेलाची बाटली तिथेच विसरून निघून गेली.

त्या रात्री मास्तर अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. आपण सांगितलं तर ती तिथल्या तिथे कोसळेल. नाही सांगितलं तर कुणीतरी भर रस्त्यात सांगेल. दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात नेमके 'हॅण्ड'चेच वाक्प्रचार घ्यायचे होते. त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि लगेच पुसला. एखादी मुलगी घरी जाऊन अर्थ सांगेल आणि तो सेलेस्तीनपर्यंत पोचेल, ही धास्ती. मुलांना निबंध लिहायला बसवून ते खिडकीशी उभे राहिले.

मधल्या सुट्टीत ते सेलेस्तीनच्या घरी गेले. दारात डॉमिंगोचा सुतार भाऊ फॉस्टिन पेचकसाने दाराची वरची कडी सोडवत होता.

"कोपरान ढकलूक येयत अशी खिटी खाली बसवतंय," तो म्हणाला. "वैनीन सांगल्यान. हात नसलेल्या माणसाक कडी कशी काढूक येतली?"

आतून सेलेस्तीन आली. रात्रभर ती झोपलेली दिसत नव्हती, पण डोळ्यांत एक धीर होता. तो धीर बघून मास्तरांना आणखी खोटं बोलवेना. ते उंबऱ्यावर बसले.

"बाये, मी काल खोटा बोललंय. हॅण्ड म्हणजे ह्यो हात न्हय. बोटीवरच्या माणसांका तशे म्हणतत."

फॉस्टिनच्या हातातला पेचकस थांबला.

"सगळे?" तिने विचारलं.

"सगळे."

ती रडली नाही. भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसली. मग दिराला म्हणाली, "पाद्रीक बोलवून हाड."

फॉस्टिन हत्यारं तिथेच टाकून धावला. मास्तरही उठले, तशी तिने त्यांच्या धोतराचा सोगा धरला.

"तुमी जाव नकात. माका आता भ्या वाटता."

शाळेची घंटा लांबवर झाली. मास्तर पुन्हा खाली बसले. पाद्री येईपर्यंत ते उठले नाहीत. उघड्या दारातून वारा आत येत राहिला.

बोटीच्या कंपनीची तार पुढच्या आठवड्यात आली. ती तिने मास्तरांकडूनच वाचून घेतली, एकेका शब्दावर त्यांना थांबवून, प्रत्येकाचा अर्थ विचारत.