पाळीवरचा वाघ

लियाकतच्या नजरेतून खोटा फोटो सुटत नाही, असं सगळा तालुका म्हणायचा, आणि लियाकतला ते ऐकायला फार आवडायचं. आवडणारच! चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बसस्टँडसमोर त्याचा फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज, शिवाय मोहर्लीच्या रिसॉर्टवाल्यांना भिंतभर वाघ छापून देणं, यात पस्तीस वर्षं गेली. मागच्या साली एका स्पर्धेत नागपूरच्या कुण्या डॉक्टरानं वाघ आणि अस्वल समोरासमोर उभे केलेला फोटो दिला होता. पहिलं बक्षीस मिळणार होतं. लियाकतनं नुसतं म्हटलं, अस्वलाची सावली डावीकडं पडली अन् वाघाची उजवीकडं, जंगलात दोन सूर्य होते काय? डॉक्टर आल्या पावली परत गेला. ते पेपरात छापून आलं, लियाकतनं कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवलं, आणि तेव्हापासून माणूस जरा बिघडलाच म्हणा.

दर बुधवारी हळदपारची कुंता त्याच्या दुकानाच्या पायरीवर मासोळ्यांची टोपली उतरवायची. ढिवराची बाई, बोलायला मोकळी. तिचा नवरा मनसाराम गावच्या तलावात जाळं टाकायचा, आणि दिवाळी झाली की गावातल्या साऱ्या बाया कमरेएवढ्या पाण्यात उतरून शिंगाडे काढायच्या. त्या बुधवारी मासोळ्या तोलता तोलता ती म्हणाली, "लियाकतभाऊ, पाळीच्या मांगं वाघ बसते जी. दोनदा पाह्यला मी."

पाळ म्हणजे तलावाचा बांध. त्याच्यामागं पुरुषभर गवत, आणि गवताला लागून जंगल.

"रेंजर साहेबाले सांगतलं काय?"

"सांगतलं नं! साहेब म्हणते आमच्या जंगलातल्या कॅमेऱ्यात नाई आला. तुमी फोटो आणा, मंग चार गार्ड देतो. आता तुमीच सांगा, वाघ दिसल्यावर मानूस पळते का फोटो काढते?"

लियाकत हसला. तीही पोट धरून हसली. पण जाताना म्हणाली, "शिंगाडे काढतानी आमची पाठ पाळीकडं असते जी. भेव लागते."

चार दिवसांनी फोटो आला. गावाच्या ग्रुपवर पडला आणि दुपारपर्यंत सगळ्या तालुक्याच्या मोबाइलमध्ये पोचला. पाळीवर कुंता उभी, कमरेवर शिंगाड्यांची टोपली, तोंडभर हसतेय, आणि तिच्या मागं दहा हातांवर गवतात वाघ! लोकांनी रेंज ऑफिसला घेराव घातला. रेंजर साहेब नवेच बदलून आलेले, रात्रीची झोप नाही, ते थेट लियाकतच्या दुकानात येऊन स्टुलावर बसले.

"लियाकतभाई, तुम्ही म्हणाल ते मी धरतो," साहेब म्हणाले. "फोटो खरा असेल तर आज संध्याकाळी चार गार्ड तलावावर पाठवतो, शिंगाडे संपेस्तोवर तिथंच राहतील. खोटा असेल तर माझ्याकडं माणसं कमी आहेत, मला ती दुसरीकडं लागतात."

लियाकतनं फोटो मोठा केला आणि त्याला आतून गुदगुल्या झाल्या. हा वाघ त्याचाच होता! म्हणजे मोहर्लीच्या एका रिसॉर्टसाठी त्यानंच छापलेली वाघीण. डाव्या डोळ्यावर केसांच्या पिनेसारखा वाकडा पट्टा. इथं तो पट्टा उजव्या डोळ्यावर होता, म्हणजे चित्र आरशातल्यासारखं उलटं करून चिकटवलेलं. असं उलटं करायचं कसं, हे उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं स्वतः एका पोरीला शिकवलं होतं. ती पोरगी म्हणजे कुंताची पायल, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. काय झालं असेल ते त्याला लख्ख कळलं. साहेबानं फोटो मागितला, गावाकडं फोटो नव्हता, म्हणून पायलनं आईचा हसता फोटो घेतला आणि त्यात वाघ बसवला.

बुधवारचं कुंताचं बोलणं त्याच्या ओठापर्यंत आलं. खरंच आलं होतं. पण दुकानात चार माणसं जमलेली, चहा मागवलेला, साहेब तोंडाकडं बघत बसलेले. अशा वेळी शहाणपणा मिरवायचा मोह कुणाला सुटलाय?

"खोटा," लियाकत म्हणाला. मग डोळ्यावरचा पट्टा दाखवला. वाघाच्या पोटाखालचं गवत कसं ताठ उभं आहे, दाबलेलं नाही, ते दाखवलं. कुंताच्या केसांना वारा लागलाय आणि मागच्या गवताला नाही, तेही दाखवलं. माणसं वा वा करत राहिली. साहेबांनी हात मिळवला.

पुढं एकच वाक्य बोलायचं होतं हो, की साहेब, फोटो खोटा आहे पण वाघ खरा आहे. जीभ झडली असती का त्याची? पण नाही बोलला. पायलचं नाव घेतलं नाही, एवढ्यावरच स्वतःला भला माणूस समजून बसला.

नाव निघायला तासही लागला नाही. पोरीला ऑफिसात बोलावून माफीनामा लिहून घेतला, पुन्हा असं केलं तर गुन्हा दाखल होईल म्हणून दम दिला. त्याच फोटोवर लाल फुली मारून, अफवांवर विश्वास ठेवू नका असं लिहून, तो पुन्हा सगळ्या ग्रुपवर फिरवला. चार गार्ड दुसऱ्या गावाला गेले.

जेवताना जैनबनं, त्याच्या बायकोनं, पोळी वाढता वाढता विचारलं, "अजी, कुंतानं तुमाले वाघाचं सांगतलं होतं नं?"

"साहेबानं मले फोटोचं विचारलं."

"अन् तुमी तेवढंच सांगून आले? कमाल हाय तुमची."

पोळी तशीच ताटात राहिली.

पुढच्या बुधवारी कुंता येते की नाही, या धास्तीत तो सकाळपासून रस्त्याकडं बघत होता. ती आली. नेहमीसारखी टोपली उतरवली. रागावली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

"फोटो खोटाच होता जी," ती म्हणाली. "पोरीचं चुकलं. पण भाऊ, मी तं तुमाले तोंडानं सांगतलं होतं. माहं बोलनं बी खोटं वाटलं काय?"

लियाकतचा चेहरा पडला. "नाई, कुंताबाई. खुदा कसम, नाई. मी उद्याच जातो साहेबाकडं. माह्या शब्दाले मान हाय तिथी."

"जा बरं. शनवारी आमी पाण्यात उतरून राह्यलो."

गुरुवारी एक लग्नाचा अल्बम द्यायचा होता, पार्टी दुकानात ठाण मांडून बसली. शुक्रवारी तो ऑफिसात गेला, पण साहेब मीटिंगला चंद्रपूरला गेले होते. बाबूजवळ निरोप तरी ठेवायचा? नाही ठेवला. साहेबांना समोरासमोर सांगू, म्हणजे वजन पडेल, असं त्याला वाटलं. शनिवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो निघाला, तेवढ्यात ऑफिसचाच फोन आला. कॅमेरा घेऊन हळदपारच्या तलावावर या, पंचनाम्याचे फोटो काढायचे आहेत.

तिथं जाऊन त्यानं काय पाहिलं ते सांगत नाही. सांगवत नाही. बाकीच्या बाया पाळीवर एकमेकींना धरून बसल्या होत्या, तलावाच्या काठानं शिंगाड्याच्या वेली ओढल्यासारख्या तुटून पडल्या होत्या. लियाकतनं चौदा फोटो काढले. चिखलातले पंजे काढले, पंजाशेजारी पट्टी ठेवून काढले. त्यातले आठ हलले, ते पुन्हा काढावे लागले. खरे की खोटे, असं त्या फोटोंना कुणी विचारलं नाही. संध्याकाळी तीस गार्ड आले.

त्यानंतर त्यानं काचेखालचं कात्रण काढून चुलीत घातलं.

कुंताच्या तेराव्याच्या दोन दिवस आधी मनसाराम आणि पायल दुकानात आले. मनसाराम दाराशीच उभा राहिला. पायलनं मोबाइल पुढं केला. "चाचा, आईचा याच्यासिवाय फोटो नाई. मी पहिलेचा पुसून टाकला, भेवानं. हाच ऱ्हायला. याच्यातला वाघ काढून देता काय?"

तोच फोटो. लाल फुलीचा नव्हे, आधीचा.

लियाकतनं बसायला खुर्च्या दिल्या आणि दोन तास मान वर केली नाही. गवताचं एकेक पातं जुळवलं. जिथं वाघ होता तिथं गवत उगवलं, गवतावर ऊन आलं, कुंताच्या केसांना जो वारा लागला होता तोच त्यानं गवतालाही लावला. असं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. त्याला स्वतःलासुद्धा जोड सापडली नसती. मग त्यानं स्क्रीन मनसारामकडं फिरवला.

मनसाराम उठून जवळ आला. बराच वेळ बायकोकडं बघत राहिला.

"वाघ कुठी गेला?"

"काढला, मनसारामभाऊ. घरात लावाचा फोटो हाय नं."

"परत टाका."

"बाबा..." पायल म्हणाली.

"टाका परत. होता तं तो तिथी." मनसारामचा आवाज चढला नव्हता. "तुमी नाई म्हणलं म्हून गेला काय तो?"

लियाकतनं दोन तासांचं काम पुसलं, वाघ होता तिथं आणला आणि प्रिंट दिली. कागद हळूहळू बाहेर यायला लागला, आणि मनसारामनं तो शाई वाळायच्या आधीच हातात घेतला.