समुद्राच्या तळाशी वाकलेली आई

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. दूध तापवतात तो नव्हे. समुद्राच्या तळाशी पायी फिरायला जाणाऱ्या माणसांच्या खांद्यांवर बसणारा, पिवळ्या रंगाचा, समोर मोठी काच असलेला टोप. मोटारसायकलवाल्यांचं हेल्मेट माझ्या दूरच्या नात्यातलं. पण ते डोक्याला घट्ट धरून बसतं आणि मी खांद्यांवर नुसता टेकतो. मला ना बंद, ना बक्कल. खालून मी सताड उघडा. हे ऐकलं की नवीन माणूस दोन पावलं मागे सरतो, आणि त्याने सरायलाच हवं. उघड्या भांड्यात पाणी शिरणार नाही, यावर चटकन विश्वास ठेवणारी माणसं मला तरी जरा उतावळीच वाटतात.

सध्या माझा मुक्काम बोटींच्या शेडमध्ये, वरच्या फळीवर. शेजारी गुंडाळलेल्या दोऱ्या, तुटकी वल्ही आणि हवा गेलेली एक ट्यूब. दुपारी पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप येते, माझ्या काचेवर पडते, आणि काचेवरचे सगळे ओरखडे एकदम लखलखतात. तेवढा वेळ मला माझे जुने दिवस दिसतात.

माझा जन्म बंदरामागच्या एका कारखान्यात झाला. साच्यावर फायबरचे थर चढवून मला आकार दिला, खांद्याशी शिशाची वजनं बसवली, काचेभोवती रबराची पट्टी ठोकून ठोकून घट्ट केली. कारखान्यातली तपासनीस बाई कुणाच्या शब्दावर विसंबणारी नव्हती. तिने माझ्या आत, अगदी वर, एक काड्यापेटी चिकटवली आणि मला सरळ पाण्याच्या हौदात सोडलं. बाहेर काढल्यावर त्याच पेटीतली काडी ओढली. काडी भर्रकन पेटली. बाई म्हणाली, "जा बाबा आता कामाला." माझं बारसं म्हणा, परीक्षा म्हणा, ती तेवढीच.

तिथून मी या बेटावर आलो. इथे किनाऱ्यापासून थोडं आत प्रवाळाचं एक मोठं रान आहे आणि त्याच्या कडेला स्वच्छ वाळूची पायवाट. बोट तिथे नांगरायची, शिडी लावायची, माणसांना एकेक करून पाण्यात उतरवायचं आणि ती मानेपर्यंत आत गेली की मला त्यांच्या खांद्यांवर ठेवायचं. बोटीवर मला उचलायला दोन माणसं लागत. पाण्यात मी असा हलका होई की लोकांना मी असल्याचं भानच राहत नसे. बोटीवरच्या पंपातून एका लांब नळीने माझ्यात सतत हवा येई. ती हवा पाण्याला खाली दाबून धरी. माणसाची हनुवटीसुद्धा भिजत नसे.

खाली घेऊन जाणारा गडी म्हणजे आमचा वाटाड्या. बोलायला भारी, पण पाण्याखाली सगळं बोलणं बोटांनी. अंगठा आणि तर्जनीचा गोल म्हणजे ठीक. अंगठा वर म्हणजे मला वर न्या. आणि बोटीवर पंपापाशी बसणारी, सगळ्यांची पंपताई. पंपाचा आवाज जरा बदलला तर गप्पांच्या मधूनही तिची मान वळायची. संध्याकाळी ती मला गोड्या पाण्याने धुवायची, ओल्या फडक्याने काच पुसायची आणि सावलीत पालथा ठेवायची. अंघोळ घातल्यासारखीच. तोंडाने मात्र, "आज किती जणांची शिंक पोटात घेतलीस रे?" असली चेष्टा चालू.

किती डोकी माझ्या आत येऊन गेली! कुणी आत शिरल्या शिरल्या गाणं म्हणायचं, कुणी देवाचं नाव घ्यायचं. नुकतंच लग्न झालेला एकजण सबंध वेळ नोकरीतल्या साहेबाला शिव्या घालत होता, बाहेर आला आणि बायकोला म्हणाला, "काय शांतता होती गं खाली." या सगळ्यांत एक आई मला अजून आठवते. तिचंच सांगायचं आहे.

ते तिघं आले होते. बाबा, आई आणि पाचवीतली लेक. लेकीला जाड भिंगांचा चष्मा. तोवर तिने समुद्र पाहिला होता तो धूसरच, कारण पोहण्याच्या गॉगलखाली चष्मा बसत नाही. माझ्यासारख्या टोपात मात्र चष्म्यासकट जाता येतं, हे तिला कुठूनतरी कळलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता म्हणे. सुट्टीचं बेटही तिनेच ठरवलं. तिच्याबरोबर बाबा उतरणार होते. आई आली होती ती पिशव्या, टॉवेल आणि काळजी सांभाळायला.

तिला पोहता येत नव्हतं. लहानपणी तळ्याच्या पायरीवरून तिचा पाय घसरला होता आणि तेव्हापासून ती अंघोळीच्या वेळी शॉवरखालीसुद्धा तोंड धरत नसे. हे तिनेच पंपताईला सांगितलं. त्याआधी तिने तिला पंप बंद पडला तर काय, नळीला पीळ पडला तर काय, पंप शेवटचा कधी तपासला, हे सगळं विचारून घेतलं होतं. पंपताईने तिला शेजारचा भरलेला सिलिंडर दाखवला, पंप थांबला तर हवा तिकडून आपोआप कशी चालू होते ते पंप क्षणभर बंद करून दाखवलं. बाबा म्हणत होते, अगं किती त्रास देशील त्यांना. पण मला ती आवडली. जीव ज्याच्यावर सोपवायचा त्याला दोन प्रश्न विचारणं, यात लाजण्यासारखं काही नाही.

मग घोटाळा झाला. बाबा शिंकले. एकदा नाही, चांगले लागोपाठ. वाटाड्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं की सर्दी असलेल्या माणसाला मी खाली नेत नाही, कान दुखतात, पडद्याला इजा होते. बाबांनी पुष्कळ सांगून पाहिलं की ही सर्दी नव्हे, हा वारा आहे. पण त्यांचा 'वारा' हा शब्दही नाकातूनच आला. आणि घरचं मोठं माणूस हात धरायला असल्याशिवाय मुलांना न्यायचं नाही, हा बोटीचा नियम. तो मोडायचा नव्हता.

लेक रडली असती तर गोष्ट वेगळी होती. ती रडली नाही. तिने पायातले रबरी बूट काढायला घेतले आणि अगदी मोठ्या माणसासारखं म्हणाली, "राहू दे आई. मी वरूनच बघते."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग हातातली पिशवी बाबांच्या मांडीवर ठेवून उठली.

"अगं, तू नको. घाबरशील," बाबा म्हणाले.

"घाबरलेलीच आहे मी," ती म्हणाली. "आता आणखी काय घाबरणार?"

वाटाड्याने बादलीत पेला पालथा घालून दाखवला. पेला सरळ धरला तर आत पाणी शिरत नाही. तिरका केला की बुडूक करून हवा निघून जाते आणि पाणी आत. आईने तो प्रयोग पुन्हा करायला लावला. लेक अगदी नाक लावून बघत होती. पंपताईने आईचे दोन्ही खांदे धरून एकच गोष्ट बजावली. खाली गेल्यावर वाकायचं नाही. काही पडलं तर पडू दे, काही सुटलं तर सुटू दे. मान ताठ.

आणि मी तिच्या खांद्यांवर बसलो.

मित्रांनो, टोपाच्या आत माणूस काय बोलतं ते फक्त टोपालाच ऐकू येतं. शिडीच्या प्रत्येक पायरीवर ती स्वतःला सांगत होती, घे श्वास, सोड श्वास. वाळूवर पाय टेकल्यावर तिने लेकीचा हात असा काही पकडला की बोटं पांढरी पडली. मग हळूहळू तिचं बोलणं लेकीकडे वळलं. लेकीला त्यातलं अक्षर ऐकू येणार नव्हतं, तरी ही आपली चालूच. नीट चाल. हात लावू नको कशाला. अगं ते बघ, डावीकडे बघ.

डावीकडे खरंच बघण्यासारखं होतं. जांभळी, पिवळसर, फांद्यांची, घडीघडीची प्रवाळं, आणि त्यांच्यातून वाऱ्यावर उडाव्यात तशा निघालेल्या निळ्या माशांच्या झुंडी. पोपटासारख्या चोचीचा एक मासा खडक कुरतडत होता. त्याची कुरकुर माझ्या आतपर्यंत येत होती. लेकीच्या टोपात तिचा चष्मा चमकत होता आणि चष्म्यामागचे डोळे इतके मोठे झाले होते की आई बोलायची थांबली. तिचा श्वास पहिल्यांदा सावकाश झाला. माझ्या काचेवरचं धुकं विरलं.

तेवढ्यात लेकीच्या बुटाचा पट्टा सुटला.

बोटीवर काढता काढता तिने तो अर्धवट ठेवला होता, परत नीट लावलाच नव्हता. बूट टाचेतून निसटला. आईने ते पाहिलं. आणि पाळण्यातल्या मोज्यांपासून शाळेच्या बुटांपर्यंत रोज जे करत आली तेच तिने केलं. ती वाकली.

मी तिच्याबरोबर वाकलो. वाकण्यावाचून मला इलाज नव्हता. माझी मागची कड वर उचलली गेली, हवा भसकन निघून गेली आणि पाणी हनुवटी, ओठ, नाक असं चढत आलं. तिचे दोन्ही हात माझ्या कडेवर आले, मला उपटून फेकण्यासाठी. सगळ्यात मोठा धोका तोच. वाटाड्या पुढच्या वळणावरून वळून झेपावला होता, पण पाण्यात माणूस झेपावतो तोही सावकाशच.

त्याच्या आधी एक लहान हात माझ्या खालून आत आला. लेकीचा. तिने आईची हनुवटी तळहातावर घेतली आणि वर उचलली. वेणी घालताना आई रोज तिची मान जशी सरळ करत असेल, अगदी तशी. आई सरळ झाली. मीही सरळ झालो. नळीतून येणारी हवा गुडगुड करत पाण्याला खाली ढकलू लागली. ओठ मोकळे झाले, मग हनुवटी. आई ठसकली, खोकली, आणि तिने श्वास घेतला.

वाटाड्या पोचला. त्याने गोल करून विचारलं, ठीक?

आई अजून ठसकतच होती. तिने उत्तर देण्याआधी लेकीनेच अंगठा वर केला. वर जाऊ या. तिचा चेहरा मला काचेतून स्पष्ट दिसत होता. तो बोटीवरचाच चेहरा होता, राहू दे आई म्हणणारा. अजून अर्धी पायवाट राहिली होती.

आईने आपला हात पुढे केला. लेकीचा उभा अंगठा धरला, हलकेच खाली वाकवला आणि तिच्या तर्जनीला टेकवून गोल केला. माझ्या आत ती फक्त एवढंच म्हणाली, "चल. दाखव मला तुझे मासे."

पुढची वाट लेकीने आईला नेलं. आईने पुन्हा खाली पाहिलं नाही.

बुटाचं काय झालं म्हणता? तो रबरी होता. तरंगत वर गेला. बोटीवर बाबांनी लेकीचा रिकामा बूट पाण्यावर पाहिला आणि ते पिशवी टाकून उठले. ते कपड्यांनिशी उडी मारायला निघाले होते. पंपताईने त्यांचा सदरा मागून पकडला आणि पाण्याकडे बोट दाखवलं. "बुडबुडे बघा दादा. तीन ठिकाणी येतायत ना? तिघंही श्वास घेतायत. बसा." ते बसले, पण बूट छातीशी धरून. हे मला आम्ही वर आल्यावर कळलं, कारण आई हसत हसत ते पुन्हा पुन्हा सांगायला लावत होती. हसतानाच तिला रडू आलं. तोंड भिजलं, पण तिने ते पुसायची घाई केली नाही.

त्यानंतरही मी पुष्कळ वर्षं पाण्यात उतरलो. मग हलके, चहूकडून काच असलेले नवे टोप आले. वाटाड्याचे गुडघे बोलू लागले, तो काम सोडून गेला. पंपताई काही दिवस मला तरीही धूत राहिली, मग तीही मुलीकडे राहायला गेली. मला धुणारं कुणी उरलं नाही. माझ्या रबरी पट्टीत मीठ साचलं, पट्टी तडकली. मध्ये कुणीतरी माझ्यात तेलकट चिंध्या भरून ठेवल्या होत्या. त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते रोज संध्याकाळी, धुण्याची वेळ होते तेव्हा.

मित्रांनो, तुमच्या कामी आलेल्या वस्तूला काम झाल्यावर थोडं गोडं पाणी आणि ओलं फडकं द्या. ती तुमच्या आजवर किती उपयोगी पडली, हे तिला सांगता येत नाही.

आणि आणखी एक मागणं आहे. कुणी तुमचा बूट बांधायला वाकलं की तुम्हाला फक्त त्यांचे केस दिसतात. चेहरा दिसत नाही. त्या दिवशी आईचा चेहरा माझ्या आतच होता, म्हणून मला तो दिसला. तुम्ही मुद्दाम खाली बसा, आणि बघा.