तीन मिलीमीटरचं कवच

माझा नवरा सुतार आणि मी रंगारी. विज्ञान संग्रहालयाने आम्हा दोघांना मिळून पृथ्वी करायला सांगितली. मीटरभर व्यासाचा लाकडी गोळा, त्याची एक फोड कापून काढलेली, म्हणजे आतले थर सगळ्यांना दिसावेत. मधला गाभा आणि त्याभोवतीचं जाडजूड प्रावरण नवऱ्याकडे, सगळ्यात वरचं कवच माझ्याकडे.

तिथल्या भूगर्भशास्त्राच्या बाईंनी हिशेब करून माझ्या वाट्याला किती येतं ते सांगितलं. खंडांच्या जागी तीन मिलीमीटर, समुद्रांच्या जागी अर्धा. नवरा तीन आठवडे तेवढ्यावरच हसत होता. भेटेल त्याला सांगायचा, पृथ्वी मी केली, हिने वरून नुसता हात फिरवायचाय. चहात साखर घालतानाही विचारायचा, तीन मिलीमीटर घालू का.

मी ऐकून घ्यायचे, पण लागायचं. त्या पृथ्वीवर माझ्या हातचं काहीतरी असायला हवं होतं, बस.

उद्घाटनाला चार दिवस उरले तेव्हा मी कवचासाठी लांबी, म्हणजे पुट्टी, कालवली आणि सवयीने आधी टेप लावला. पठ्ठ्याने नुसतं प्रावरणच पुरं एक मीटर केलं होतं. ‘कवच धरून एक मीटर’ असं आराखड्यावर लिहिलेलं त्याने वाचलंच नव्हतं. गोळा ज्यात बसायचा ते लोखंडी कडं नेमक्या मापाचं, वर कागद चिकटवायलाही जागा नाही.

नवऱ्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, कवच हवंय कशाला, लाकडावरच निळा-हिरवा रंग मार, कुणाला कळतंय. माझे डोळे भरून आले. ते त्याला दिसू नयेत म्हणून मी तडक बाईंना बोलवायला गेले.

बाईंनी गोळ्याभोवती एक फेरी मारली. "पर्वत, समुद्र, माणसं, सगळा पसारा कवचावर आहे," त्या म्हणाल्या. "घासा."

तीन मिलीमीटर म्हणजे किती, हे त्याला तेव्हा कळलं. खंडांच्या जागी खोल, समुद्रांच्या जागी हलकं, सगळं पॉलिश पेपरने, हाताने. दोन दिवसांत तो भुवयांपर्यंत भुशाने माखला आणि हसणं पार विसरला. मी शेजारी स्टुलावर बसून देखरेख केली. खोटं कशाला बोलू, मजा आली.

तिसऱ्या दिवशी त्याने हात झटकले, गोळ्यावरून तळवा फिरवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पुरेल का गं तुला एवढी जागा?"

बावीस वर्षांच्या संसारात हे त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं. मी टेप लावला. माप अगदी बरोबर होतं.

"अजून थोडं घास," मी म्हटलं.