नातेवाइकांनी बाहेर थांबायचं

माझ्या वाट्याला नाटकात एकच वाक्य होतं आणि त्या वाक्याच्या वाटेत एक भिंत होती. लाक्षणिक वगैरे नाही. भिंत खरी होती. म्हणजे खोटी होती, पण खरोखर होती.

नाटक ताईचं. ताई माझी थोरली बहीण, नाटकाची दिग्दर्शिका आणि नाटकातली डॉक्टरसुद्धा. मी तिच्या प्रत्येक नाटकात पडद्यामागे असतो. सामान उचलायचं, सामान ठेवायचं आणि दोन्हींबद्दल बोलणी खायची. या वेळी मी हट्टच धरला, तेव्हा तिने वैतागून मला वॉर्डबॉय केलं. वाक्य असं: ‘नातेवाइकांनी बाहेर थांबायचं.’ मी ते घरी इतकं घोकलं की आईने एकदा बाथरूमच्या दाराबाहेरून विचारलं, “मीसुद्धा का रे?”

पहिला अंक दिवाणखान्यात, दुसरा हॉस्पिटलात. हॉस्पिटल दिवाणखान्याच्या पाठीमागेच मांडून ठेवलेलं. खाट, सलाइनचा स्टँड आणि पेशंट, सगळं तयार. मधे ही भिंत. कापड ताणलेल्या तीन लाकडी चौकटी, एकमेकींना बिजागऱ्यांनी जोडलेल्या; मधल्या चौकटीत दार. बिजागरीतली खीळ सुटी; वर ओढली की चौकटी वेगळ्या. मागून तिरके टेकू, टेकूच्या पायाशी पाचर आणि वाळूची पिशवी. अंधार झाला की पिशवी सरकवायची, पाचर लाथेने उडवायची, खिळी उपसायच्या आणि चौकटी विंगेत न्यायच्या. बासरीचा एक तुकडा संपायच्या आत. खीळ घालणं आणि पाचर मारणं ही कामं लोक दुसऱ्याचं वाटोळं करायला करतात. मी ती कलेसाठी करत होतो.

भिंत बनवली भावोजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने. त्यांचा धंदा स्वयंपाकघरातली कपाटं बसवण्याचा. त्यांनी बसवलेलं कपाट असं असतं की घर पडेल, कपाट नाही. रंगीत तालमीला नायकाने रागाने दार आपटलं आणि अख्खा दिवाणखाना थरथरला. कोणीतरी फिसकन हसलं. भावोजींचा चेहरा उतरला.

“माझ्या हातची भिंत हलली.”

“भावोजी, ती हलायलाच हवी. नंतर काढायची असते.”

“काढायचीच होती, तर लावली कशाला?”

“पहिल्या अंकासाठी.”

“मग दुसऱ्या अंकात घर जातं कुठे?”

“विंगेत.”

“मेहुणेबुवा, ज्याचं घर विंगेत जातं, त्याला कोणी मुलगी देत नाही.”

“अहो, थोडी घट्ट करा फक्त,” ताई म्हणाली. “थोडी. ऐकू आलं ना?”

भावोजींनी मान डोलावली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ताईला अजून वाटतं की मान डोलावणं म्हणजे ऐकणं.

पहिल्या प्रयोगाला नायकाने दार आपटलं, तेव्हा भिंत तसूभर हलली नाही. मी विंगेतल्या पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिल्या रांगेत भावोजी हाताची घडी घालून भिंतीकडे पाहत होते. नाटकाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मुलीचा निकाल लागल्यावर बाप बसतो तसे बसले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अंधार झाला. बासरी सुरू झाली. समोरच्या पोरांनी सोफा उचलून नेला. मी पिशवी सरकवली, पाचर उडवली, खिळी उपसल्या. भिंत उभीच. मी खांदा लावला. भिंत उभीच. जोडावरून बोटं फिरवली, तर वरपासून खालपर्यंत लोखंडी पट्टी आणि पट्टीत ओळीने स्क्रू. टेकूसुद्धा जमिनीत ठोकलेले.

“ताई, भिंत येत नाहीये.”

“ये म्हणावं.”

“ताई, भावोजींनी स्क्रू मारलेत.”

“मग काढ!”

“कशाने? नखांनी? स्क्रू ड्रायव्हर भावोजींच्या खिशात आहे आणि भावोजी पहिल्या रांगेत आहेत.”

ताईने डोळे मिटले. बासरी संपली. समोर दिवे लागले.

आता प्रेक्षकांना दिसत होता एक रिकामा दिवाणखाना आणि त्यात एक अत्यंत भक्कम भिंत. हॉस्पिटल तिच्यामागे. खाटेवर खोकलेकाका. त्यांचं हे नाव पडलं, कारण प्रत्येक नाटकात ते खोकूनच मरतात. मुरलेला नट. दिवे लागले म्हणजे बोलायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ते खोकले आणि म्हणाले, “डॉक्टर, मी वाचेन ना?”

“धीर धरा,” ताई भिंतीआडून म्हणाली. दुसरा इलाज नव्हता.

भिंतीला कान असतात असं ऐकून होतो. आमच्या भिंतीला तोंडही होतं, आणि ते खोकत होतं.

मग माझी वेळ आली. खरं तर विंगेतून नातेवाइकांचा घोळका आत घुसायचा आणि मी त्यांना अडवायचं. पण घोळका भिंतीपलीकडच्या विंगेत अडकला होता. अडवायला कोणी नव्हतं. मी ताईकडे पाहिलं. तिने मानेनेच ‘नको’ म्हटलं. पण इतके दिवस घोकलेलं वाक्य गिळता येत नाही, ते घशात आडवं होतं. मी दिवाणखान्याचं दार उघडलं. पाठीमागे हॉस्पिटल, पुढ्यात अख्खं थिएटर. मी खणखणीत आवाजात म्हणालो,

“नातेवाइकांनी बाहेर थांबायचं!”

टाचणी पडली असती, तरी लोकांनी तिला गप्प बस म्हटलं असतं. आणि पहिल्या रांगेतून भावोजी उठले. नातेवाईकच ते. लोकांच्या गुडघ्यांवरून “सॉरी हं, सॉरी हं” करत, पाय न वाजवता थिएटरच्या दारापर्यंत गेले आणि बाहेर जाऊन थांबले.

थिएटर फुटलं. हसू थांबेना. टाळ्या, शिट्ट्या. खोकलेकाका खाटेवर उठून बसले आणि विचारू लागले, “मी मेलो का?”

नाटक संपल्यावर लोक ताईला भेटायला आले. एका बाईंनी तिचा हात हातात घेतला. “आजारपण घराच्या भिंतीआडच राहतं, काय दाखवलंत हो!” ताईने नम्रपणे मान खाली घातली. मी स्क्रू मोजत होतो.

“भिंत अशीच ठेवायची,” लोक गेल्यावर ती म्हणाली.

“म्हणजे मी आता काढायचं काय?”

“काही नाही. तू फक्त दार उघड आणि वाक्य म्हण.”

मला क्षणभर खरंच वाटलं नाही. सामान उचलणं नाही, पाचर नाही. फक्त एक दार आणि माझं वाक्य. मी त्या आनंदात भावोजींनाही माफ केलं. तसं सांगितलंही. ते भिंतीतल्या दाराकडे बघत होते.

दुसरा प्रयोग. पहिल्या अंकात नायकाने या वेळी दाराऐवजी नुसतेच पाय आपटले. खोकलेकाका खोकले. ताईने धीर दिला. लोक भिंतीकडे कान लावून बसले. मी श्वास घेतला, दाराची कडी धरली आणि ढकलली.

दार हललं नाही.

बोटं फिरवली. पट्टी. स्क्रू.

“बोल ना!” ताई कुजबुजली.

“दार बंद आहे.”

“कोणी केलं?”

भिंतीपलीकडून, पहिल्या रांगेतून, घसा खाकरल्याचा समाधानी आवाज आला.

“नातेवाइकांनी बाहेर थांबायचं,” मी दाराला सांगितलं.