त्रेसष्ट किलो

रविवारी वाशीमजवळच्या मालेगावचा बाजार बंद असतो. अडत्याच्या शेडात कबुतरं सोयाबीनचे सांडलेले दाणे टिपत होती. ग्यानबा मापाऱ्याने काट्यावरची ताडपत्री काढली आणि लेकीला म्हटलं, "आन चढवून."

सपनाने फळीवरून मोटारसायकल काट्यावर ढकलली. गाडी तिच्या मोठ्या भावाची, सतीशची. दोन वर्षांपूर्वी शेतातल्या मोटारपंपाचा शॉक लागून तो गेला. त्याच्या तेरवीच्या दिवशीच कुरिअरवाला एक लांबडं खोकं देऊन गेला. सतीशने मागवलेला सायलेन्सर. जुना लोखंडी पाच किलोचा, हा हलक्या धातूचा, जेमतेम दोन किलोचा. कारंज्याच्या माळावर दुचाकीची शर्यत होते, तीत त्याला उतरायचं होतं. गाडी हलकी पाहिजे, हे एकच त्याचं येता-जाता चालायचं. खोकं माळ्यावर तसंच पडून राहिलं.

उद्या त्या शर्यतीत सपना उतरणार होती. परवा तिनेच खोकं फोडलं आणि सायलेन्सर बदलला. तेव्हापासून गाडी जड झाली.

"हातानं ढकलली तं पिसासारखी," ती सांगत होती. "मी बसली का जड. जऊळक्याचा चढ दुसऱ्या गेरात रडत चढली. वाटते, मांगं कोनी डबलसीट बसून राह्यलं."

"मिस्त्री काय म्हनते?"

"म्हनते, बाई, भाकरी कमी खा."

ग्यानबाला हसू आलं नाही. एक पोरगं गेलं होतं. गाडीत खोट असेल तर दुसरं पोर तो माळावर जाऊ देणार नव्हता, आणि खोट कुठे आहे ते सांगायला त्याच्याजवळ काट्याशिवाय काही नव्हतं.

काट्यावर लाल आकडे उमटले. एकशे एकवीस. परवा जुन्या सायलेन्सरसकट इथेच एकशे चोवीस भरली होती.

"बराबर तीन किलो उतरली. आता बस."

सपनाचं वजन सत्तेचाळीस. दरवर्षी दसऱ्याला काट्याची पूजा झाली की ग्यानबा दोन्ही पोरांना त्यावर उभं करायचा आणि वजन गेरूने शेडाच्या खांबावर लिहायचा. सपनाची ओळ अजून वाढत होती. सतीशची त्रेसष्टवर थांबली होती.

सपना बसली. आकडे एकशे अडुसष्टवर आले, क्षणभर टेकले आणि पुन्हा चढू लागले. गाडीचा मागचा शॉकअप सावकाश दबला. दोनशे एकतीसवर आकडे स्थिरावले.

"काटा बिघडला, बाबा."

"उतर."

ती उतरली. पुन्हा एकशे एकवीस. गाडी खाली घेऊन ग्यानबाने काट्यावर सरकारी शिक्क्याचं वीस किलोचं वजन ठेवलं. वीस. गाडी परत चढवली, सपना परत बसली. दोनशे एकतीस. कबुतरं सगळी एकदम उडाली आणि शेड गप्प झालं.

वजाबाकी ग्यानबाला कधी कागदावर करावी लागली नव्हती. त्याची नजर आपोआप खांबाकडे गेली. सपनाने तिकडे पाहिलं. ती उतरली नाही. सीटवर जराशी पुढे सरकली, मागच्याला जागा द्यावी तशी.

"बाबा," ती हळू म्हणाली, "आता कसं करू?"

एवढं ओझं मागे घेऊन माळाच्या उतारावर गाडी वळणार नव्हती, हे ग्यानबाला दिसत होतं. तो मागे जाऊन उभा राहिला. मागची सीट रिकामी होती. शाळेच्या वेळी उठवायचा त्याच आवाजात तो म्हणाला, "सतीश, उतर. शर्यत एकल्याची असते. तिले जाऊ दे."

काही हललं नाही.

"माह्यासंगं घरी चाल."

शॉकअप वर आला. एकशे अडुसष्ट.

सपनाने बापाकडे पाहिलं. गाडी खाली घेऊन किक मारली. नव्या सायलेन्सरचा आवाज पत्र्यावर आदळला, मग वाशीमच्या रस्त्याने लांब लांब जात राहिला. गाडी हलकी पळत होती. आवाजावरून कळत होतं.

ताडपत्रीचं टोक ओढायला ग्यानबा काट्यावर चढला. तो पंचावन्न किलोचा माणूस. आकडा एकशे अठरा आला.

त्याने दुसऱ्यांदा पाहिलं नाही. आकड्यांवर ताडपत्री टाकली. मापारी व्हायच्या आधी तो वीस वर्षं हमाल होता. गुडघे किती वाकवायचे, मान कुठे धरायची, ते अंगाला पाठ होतं. घर दीड कोस. वाटेत टेकायला ओटे होते, पार होता. तो कुठेच टेकला नाही.