चहात उकळलेलं अंग

सातवा हुक आकडीत बसेना. डाव्या काखेखाली, जिथं माणसाला स्वतःचं काहीच नीट दिसत नाही अशा जागी, दिग्विजयनं आपल्याच हातानं टाचलेला तो मुंगीएवढा हुक आकडीच्या तोंडापर्यंत जायचा, तिथं जाऊन विचार करायचा आणि परत फिरायचा. बाकीचे सहा निमूट बसले होते. बाहेर मांडवात बायका हळद कुटत होत्या, मुसळाचा आवाज फरशीतून थेट त्याच्या तळव्यांत येत होता, आणि न्हाणीघराला आतून कडी घालून नवरदेव स्वतःला अंगात घालत होता...

गंमत म्हणजे त्याला भीती वाटत नव्हती. वाटायला पाहिजे होती, त्यानं तिची वाटही बघितली होती. पण पहाटेपासून छातीत जे काही उड्या मारत होतं ते सहलीची एसटी सुटायच्या आधी मारतं तसलं होतं. उद्या लग्न. उद्या या वेळेला राजेश्वरी — तेरची, झेडपीच्या शाळेत चौथीला शिकवणारी, फोनवर हसण्याआधी एक छोटा श्वास आत ओढणारी — त्याची बायको होणार, आणि ज्या माणसाला आजवर प्रत्येक फोटोत मागच्या ओळीत उभं केलं गेलं ("तू हितं कडंला हुबा राहा बाबा, बाकीच्यास्नी बी येऊ दे फोटूत") तो उद्या फोटोच्या बरोब्बर मधोमध... बसला! हुक बसला. बोटांना आधी कळलं, मग त्याला.

आरशात एक उघडा माणूस उभा होता. सपाट पोट, गोल दंड, मधोमध बेंबी. त्या माणसाकडं दिग्विजय जरा आदरानंच बघत राहिला, कारण तो माणूस त्यानं आणि मुजम्मिलनं तीन दुपारी खपून शिवला होता.

परंड्यात बसस्टँडसमोर दिग्विजयचं शिलाईचं दुकान, आणि काज-बटणाला मुजम्मिल, आठवीपासूनचा दोस्त. बाजारात ज्या कापडाला स्किन कलर म्हणतात ती कुणाची स्किन हे कंपनी सांगत नाही. परंडा तालुक्यातल्या कुणाची नव्हती हे नक्की. गुलाबी होतं. मुजम्मिलनं ते चहात उकळलं. "रंग धरायला मूठभर धुण्याचा सोडा टाक," तो म्हणाला, "आन् खळबळून धू नको यार, उतरंल." टाकला. नाही धुतलं. मग त्यानं त्या अंगाबरोबरच्या बनियनवर पोटाच्या जागी एक आडवं काज विणलं — कापलं नाही, नुसतं विणलं — आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "बेंबी झाली. तीळ बी टाकू का एखादा?" "नको," दिग्विजय गंभीरपणे म्हणाला, "उगं जास्ती हुईल."

दोन वर्षांमागं तो एकशे छप्पन्न किलो होता. शिंप्याचा टेप साठ इंचांचा असतो, बहुतेक माणसं साठ इंचांत संपतात या भरवशावर; दिग्विजय अडुसष्टला संपायचा. उरलेल्या आठ इंचांसाठी मुजम्मिल दुसरा टेप जोडायचा आणि तोंडानं काही बोलायचा नाही, ही त्याची दोस्ती. मग सोलापूरला ऑपरेशन झालं. जठर कापून लहान केलं, आतल्या आत शिवलं, बाहेर चार-पाच टाके, बस्स. त्या सफाईबद्दल दिग्विजयला शिंपी म्हणून कौतुक वाटलं. पंच्याहत्तर किलो गेले. कमलआत्या बघायला आली तेव्हा तिनं त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि म्हणाली, "आरं, एक आख्खा माणूस गेला की तुझ्यातनं! आन् आपण सुतक बी न्हाय धरलं."

माणूस गेला, कपडे राहिले. कातडं. पोटावरून मांड्यांवर उतरलेली झालर, दंडांखाली दोन पंख, छातीवर... ते जाऊ दे. तो थांबला की त्याचं कातडं क्षणभरानं थांबायचं. जिना भरभर उतरला की मागून कुणी टाळ्या वाजवतंय असं वाटायचं, आणि वळून बघितलं तर तोच. डॉक्टर म्हणाले होते, एवढं ताणलेलं कातडं परत आत जात नाही, वजन एका जागी टिकू द्या, मग बघू, ते वेगळं ऑपरेशन. दुसऱ्याचा ढगळ शर्ट दहा मिनिटांत साइड मारून देणारा मी — आणि स्वतःवर खडूनं खूण करायची चोरी. एकदा केलीही. दुकानाचं शटर अर्धं ओढून, निळ्या खडूनं, पोटावर: इथून कापायचं, इथं जोड. मग बराच वेळ ती रेघ बघत बसला होता. रेघ सरळ आली होती. अंघोळीत गेली.

राजेश्वरीला ऑपरेशन माहीत होतं. पहिल्याच भेटीत त्यानं सांगितलं. "पण आता तब्येत चांगली आहे ना?" "एकदम." संपलं. त्यानंतर सहा महिने रोज फोन, आणि सगळं बोलून झालं, फक्त कातड्याचं राहिलं. 'एक सांगायचं होतं' असं म्हणून त्यानं तिला आतापर्यंत शेजारच्या मांजराची गोष्ट सांगितली होती, इस्त्रीखाली जळालेल्या सफारीची सांगितली होती, आणि एकदा तर ऐन वेळी घाबरून पुणे गाडीचं वेळापत्रक. उद्या लग्न झाल्यावर ती बघणारच. पण उद्या म्हणजे उद्या — आणि आज अख्खं गाव बघणार होतं, कारण त्यांच्यात हळद उघड्या अंगालाच लावतात.

"दिग्या!" दारावर थाप पडली. कमलआत्या. "मुहूर्त काय न्हाणीतच लावायचा का तुझा?"

तो टॉवेल पांघरून बाहेर आला. पाटावर बसला, आणि बसताक्षणी आत काहीतरी परत उडी मारून गेलं: पाटाला दोन्ही बाजूंनी जागा उरली होती! चार-चार बोटं. त्यानं हातानं चाचपून बघितलं. मावशीच्या लग्नात असल्याच पाटावर बसला होता तेव्हा पाट दिसलाच नव्हता, लोकांना वाटलं पोरगं जमिनीवर बसलंय. पाच सवाष्णी आंब्याची पानं घेऊन सरसावल्या. मांडवाच्या तोंडाशी व्यंकटमामानं जीप चालू करून ठेवली होती, कारण नवरदेवाच्या अंगावरून निघालेली हळद वाटीत भरून तेरला पोचायची होती — उष्टी हळद — आणि ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही.

मुजम्मिलनं फोन दिग्विजयच्या कानाला लावला. "भाभी हैत."

"अहो, निघाली का हळद?" पलीकडं बांगड्यांचा, पातेल्यांचा गलका. "इथं सगळ्या नटून बसल्यात. काकू तर बसल्या बसल्या डुलक्या काढायला लागल्या."

"आता लागतीय."

"लवकर पाठवा." तिनं तो छोटा श्वास ओढला, पण हसली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मला ना, कधी एकदा तुमची हळद लागतीय असं झालंय."

फोन बंद झाला. टॉवेल कुणीतरी काढून घेतला.

तुमची, म्हणाली. हळद तर कापडाला लागणार होती. हा विचार तीन दुपारी शिवताना, सात हुक लावताना, बेंबी विणताना एकदाही आला नव्हता आणि आता आला, पाटावर, पन्नास माणसांत... वाटीत जे जाईल ते माझ्या अंगावरचं नसेल. चहात उकळलेल्या पॉपलीनची उष्टी हळद तिच्या गालाला लागणार, आणि ती समजणार —

कमलआत्यानं कपाळाला लावली, गालांना लावली, मग खांद्यावर हात टेकला. हात थबकला. तिनं दिग्विजयकडं बघितलं. दिग्विजयनं आंब्याच्या पानाकडं बघितलं. आत्यानं आणखी एक ओंजळ घेतली आणि दाबून चोळली.

सगळ्यात आधी त्यालाच दिसलं. खांदा पिवळा झाला, मग भगवा, मग विटेसारखा, आणि जिथं जिथं ओला हात फिरला तिथं तिथं लालभडक पंजे उमटत गेले. सोडा! हळदीचा डाग साबणाखाली असाच लाल होतो, शिंप्याच्या दुकानात हे शेंबड्या पोराला माहीत असतं. आणि दोन शिंप्यांना...

"आगं बया, रगत!"

परात पडली. आई धावली. "टाका उसवला! आपरेशनचा टाका उसवला!" कुणी अँब्युलन्स म्हणालं, कुणी कांदा म्हणालं, सनईवाला थांबला, हलगीवाला मात्र न बघता वाजवत राहिला. आणि या सगळ्या गोंधळाच्या मधोमध कमलआत्यानं एक बोट त्याच्या छातीवर घासलं, उजेडात धरलं, नाकाला लावलं.

"गप बसा गं समद्या. रगत न्हाय. हळदीला सोडा लागलाय." तिनं परत हुंगलं. "आन् च्याचा वास कुठनं येतुया?"

हलगी थांबली.

न्हाणीघर अकरा पावलांवर होतं. जाता आलं असतं. तिथं टॉवेल होता, कडी होती. पण छातीत ते उड्या मारणारं अजून उड्या मारतच होतं, उलट जोरात, जणू एसटीनं घरघर करून पहिला गिअर टाकलाय. आणि दिग्विजयला स्वतःचंच नवल वाटलं, की माणसाची एवढी अब्रू चाललीय आणि माणूस आतून एवढा खूश कसा. त्यानं डावा हात वर केला. एक हुक काढला. दुसरा. सहा निघाले, सातवा आता सुटेना.

"थांब," म्हणून आत्या वाकली आणि तिनं तो दातांनी तोडला.

कापड गेलं. वारा लागला. झालर मांडीवर उतरून बसली, पंख पडले, छातीवरचं जे जाऊ दे म्हटलं होतं ते गेलं नाही, सगळ्यांसमोर राहिलं. कुणीतरी 'अगाई' म्हणालं. आईनं डोळ्यांना पदर लावला, मग बघण्यासाठी काढला.

"च्या मायला," आत्या म्हणाली, "ह्येच्यासाठी एवढा कुटाणा व्हय? मला हात लावल्याबरूबर कळलं व्हतं. म्हनलं, आसंल पोराची हौस." आणि तिनं साडीच्या निऱ्या उचलाव्यात तशी ती झालर दोन्ही हातांनी उचलली. "लावा गं आतनं बी. आर्धा नवरदेव कोरडा ठिवता का?"

तिथं, घडीच्या आत, डॉक्टरांनंतर कुणाचा हात लागला नव्हता. त्याचा स्वतःचासुद्धा धड नाही. अंघोळीत तो तिथला साबण भिंतीकडं बघत लावायचा. हळद गार होती. गार... आणि अरे, गुदगुल्या होत होत्या! दोन वर्षं अंगावर वागवलेल्या त्या कातड्याला गुदगुल्या कळतात हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं, रिपोर्टातही नव्हतं. तो फिस्सकन हसला. सवाष्णींना तेवढंच पाहिजे होतं. पाची जणी तुटून पडल्या.

वाटीत भरायची वेळ आली तेव्हा आत्यानं घडीच्या तळाशी हात घातला आणि ओंजळ भरून वर काढली. "बघा," ती मांडवाला म्हणाली, "दुसऱ्याची हळद पाटावर गळून वाया जाती. माझ्या भाच्यानं समदी धरून ठिवली." एक वाटी पुरली नाही. तांब्या आणला. व्यंकटमामानं तो मांडीत धरला आणि दुसऱ्याच कुणाला तरी जीप चालवायला लावली.

आईनं ते बनियन लगेच साबणात घातलं. ते आणखी लाल झालं. मुजम्मिल बादलीशी उभा राहून हळहळला, "काज मात्र लई भारी आलतं यार."

मग बायका जेवायला गेल्या, आणि पाटावर दिग्विजय एकटा. अंघोळ लगेच करायची नसते. ऊन मांडवाच्या फटीतून पोटावर पडलं होतं. जीप बार्शीच्या पुढं गेली असेल. मग येडशी, मग तेर, मग एक हात तांब्यात बुडणार, आणि त्या हाताला काय कळणार — काहीच नाही, हळद ती हळद. उद्या कळणार. उद्या ती बघेल आणि तो छोटा श्वास ओढेल, आणि त्या श्वासापुढं हसू असेल की नसेल हे त्याला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं, अंदाजसुद्धा नव्हता. आणि तरी, काय चावटपणा आहे बघा, उद्या अजून उजाडत का नाही म्हणून तो पाटावर बसल्या जागी चुळबुळत होता. अंगावरची हळद वाळायला लागली होती. वाळता वाळता ओढत होती. दंडांवर, छातीवर, पोटाच्या त्या घडीवर कातडं हळूहळू ताठ होत, चापून बसत चाललं होतं, मापात...

"हलू नगंस रं," आत्या पंगतीतनं ओरडली, "आन् हसू तर बिलकूल नगंस. तडकंल."

त्यानं श्वास धरला. अगदी दम कोंडेपर्यंत धरला, मग पोटातून हसू वर यायला लागलं, आणि बेंबीपासून — खऱ्या बेंबीपासून — एक बारीक रेघ सुटली, तिला फाटे फुटले, सगळीकडं पसरले, आणि तो आवरायचा प्रयत्नसुद्धा करेना.